अधिक महिन्यातली वरात

"मास्तर, तेवढा पाय वाजवू नका," मंदार म्हणाला.

यशवंत मास्तरांनी तोंडातून सॅक्सोफोन काढला, खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि ते पाय शेजाऱ्याचे असावेत अशा सुरात विचारलं, "पुन्यांदा वाजला?"

"माईकमध्ये येतोय. ठक, ठक."

सकाळी ते आले तेव्हा पायांत टाचेचे काळे बूट होते. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा आम्ही खाली सतरंजी घातली. मग बूट काढायला लावले. आता ते खुर्चीवर अनवाणी बसले होते आणि पायांखाली मंगल कार्यालयाच्या वरपक्षाच्या खोलीतली गादी होती. डोक्याला हेडफोन, अंगात बँडचा लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके. कोटाशिवाय वाद्य तोंडाला लावायचं नाही, हा त्यांचा नेम. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत पंखे बंद, कारण पंख्यांचाही आवाज माईकमध्ये यायचा.

"मपला पाय मपलं ऐकत नाय," मास्तर म्हणाले.

"मग माझ्याकडे पाठवा," अल्ताफ वरून म्हणाला. नवरानवरी बसतात त्या स्टेजवर त्यानं ड्रम मांडले होते. "मला इथं दोन कमीच पडतात."

मंदार हसला नाही. त्यानं पुन्हा बोट वर केलं, हेडफोनमधली टिकटिक सुरू झाली, आणि मास्तर तिसऱ्या आवर्तनाला पुन्हा चुकले.

त्या वर्षी वैशाख अधिक आला होता. अधिक महिन्यात लग्नं लागत नाहीत, आणि ऐन उन्हाळ्यातला महिना असा कोरडा गेला म्हणजे संगमनेरात मांडववाले, आचारी, घोडीवाले, भटजी आणि बँडवाले सगळे एकाच चेहऱ्यानं फिरतात. माझ्या अरविंदमामाचं मंगल कार्यालयही कुलूप लावून पडलं होतं. मंदारला उंच छताची रिकामी जागा हवी होती. मी मामाकडे शब्द टाकला. मामा म्हणाला, "वाजवा की. उंदीर तरी जातील." पहिल्या दिवशी त्यानं दारात उभं राहून आमचं ऐकलं आणि घरी जाऊन मामीला सांगितलं, "मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखं वाटतं, पण पोरं मन लावून करतात."

आमचा बँड तिघांचा. मंदार गोसावी गिटार वाजवायचा आणि सगळं रचायचा, अल्ताफ तांबोळी ड्रम, मी बेस. आमचं संगीत मेटल, म्हणजे दणदणाट; पण नुसता दणदणाट मंदारला पुरत नसे. त्यात त्याला जाझ हवं होतं, मोडतोड हवी होती, आणि पुढची मात्रा कुठं पडेल हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, असा त्याचा हट्ट होता. अल्बमचं नाव 'अधिक'. एकूण नऊ तुकडे, त्यांतले आठ झाले होते. शेवटचा नववा तेरा मात्रांचा, कारण वर्ष तेरा महिन्यांचं होतं. मंदारची कारणं अशीच असायची. त्या तुकड्यात गिटार आणि बेस भरून झाले होते. सॅक्सोफोनची जागा मोकळी होती. मुंबईच्या एका जाझवाल्यानं त्यासाठी इतक्या तारखा दिल्या आणि मोडल्या, की अल्ताफ त्याला 'कोर्ट' म्हणायला लागला.

मास्तर आम्हाला माघात सापडले होते, एका वरातीत. नेहमीचं लग्नातलं गाणं वाजवता वाजवता ते मधेच सुरांतून बाहेर निसटले, कुठं कुठं भटकले आणि घोडी थांबायच्या क्षणाला नेमके घरी परतले. मंदार रस्त्यातच उभा राहिला. मागून एका रिक्षावाल्यानं त्याच्या घराण्याचा उद्धार केला तरी हलला नाही. "हा माणूस बाहेर जातो, आणि परत कुठून येतो तेच कळत नाही," तो म्हणाला. "मला हाच पाहिजे."

आणि आज अमावास्या, अधिकाचा शेवटचा दिवस. उद्या सकाळी मांडववाले येणार होते. माईक आणि यंत्रं संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत जाणार होती. जूनपासून मंदार बेंगळुरूला नोकरीवर. नववा तुकडा आज झाला तर अल्बम होणार, नाही तर नाही. "आठच काढू की," असं अल्ताफ एकदा म्हणाला होता. मंदार म्हणाला, "नथ विसरलेली नवरी उभी करू?" आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी मला मध्ये पडावं लागलं.

मी कुलथ्यांची, सोनाराची मुलगी. आमच्या घरात माणूस समोर आला की आधी मनात त्याचं वजन होतं: सोनं किती, तांबं किती, आणि आत नुसती लाख किती भरली आहे. बँडमध्ये मला 'सराफीण' म्हणत ते काही उगीच नाही. मास्तरांच्या खात्यावर मी सकाळीच बरंच तांबं मांडलं होतं. मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. बोलणं असं, की नगर जिल्ह्यातली प्रत्येक घोडी त्यांना नावानिशी ओळखत असावी. पण तीन गोष्टी मला कुठल्या रकान्यात घालायच्या ते कळेना. एक, ते वेळेआधी आले. वेळेआधी येणारा कलावंत मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन, समोरचं दार सताड उघडं असताना ते मुदपाकखान्याच्या दारानं आत आले. आणि तीन, डाव्या गालात त्यांनी सतत लवंग धरलेली होती.

"मास्तर, तेरा मोजायचे," मंदार चौथ्यांदा सांगत होता. "सात आणि सहा. कानात टिकटिक आहे, तिच्याबरोबर राहा."

"ही टिकटिक नव्हं, चिमणी हाय. चोच मारतीय कानात."

"पण मोजताय ना?"

"मोजतोय की. बारापर्यंत समदी घरची मानसं हायेत. तेरावा पावना कुठं बसवायचा त्येच समजंना."

"तो आगंतुकच आहे," मंदार म्हणाला. "गंमत त्यातच आहे."

"तुमची गंमत व्हती, मंदारशेठ. मपली फजिती."

पुन्हा वाजवलं. पहिलं आवर्तन उत्तम, दुसरं बरं, आणि तिसऱ्याला सूर अर्धी मात्रा आधी येऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा अवघडला. मंदारनं फडकं उचललं. तो चिडला की आवाज चढवत नसे, यंत्राच्या बटणांवरची धूळ पुसत बसे. त्या दुपारपर्यंत यंत्र लख्ख झालं होतं.

मामीनं चहा आणि अनारसे पाठवले. अधिकात जावयाला अनारसे द्यायचे असतात. मामीचा जावई सुरतेला, तो आला नव्हता, म्हणून त्याच्या वाट्याचं पुण्य आमच्या पदरात. अल्ताफनं उभ्या उभ्या तीन संपवले. मास्तरांनी एक उचलला, चहात बुडवला आणि मऊ झाल्यावर डाव्या बाजूनं, हळूच, जिभेनं आत ओढून घेतला.

"मास्तर, अनारसा चहात?" अल्ताफ म्हणाला. "मामींनी पाहिलं तर परवाचं पहिलं लग्न मोडतील."

"माझ्या सासूचं अनारसं खाल्लं असतंस तर तू बी बुडवलं असतंस," मास्तर म्हणाले आणि सॅक्सोफोन काखेत मारून, पायांत बूट घालून मागच्या नळाकडे गेले.

मी पाठोपाठ गेले. ते चूळ भरत होते. मोरीत पाणी लाल झालं. पान ते खात नव्हते, हे मी सकाळपासून पाहिलं होतं.

"किती दात?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. मिशी पुसली आणि म्हणाले, "सोनाराचं डोळं वाईट. वरचं म्होरचं चार. खालचं तीन."

"कधी काढायचे?"

"उद्या सकाळी, नाशकात. डॉक्टर म्हनला, कवाच काढायला पायजे व्हतं. पू झालाय. साखर बी हाय मला."

"मग थांबलात कशासाठी?"

"तुमची तारीख आजची व्हती ना." त्यांनी नवी लवंग गालात सरकवली. "वरचं दात वाद्याच्या ह्या मुखपट्टीवर टेकल्याबिगर सूर उभा ऱ्हात नाय. कवळीनं भाकरी चावती. हे नाय वाजत."

"आणि परवापासूनची लग्नं?"

"पुतण्या हाय की, इलास. त्यो वाजवंल." थोडा विचार करून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हंजे, धरंल."

मी म्हणाले, "मंदारला सांगते. तो काहीतरी सोपं करून देईल."

"अजिबात नाय." आता त्यांचा आवाज बदलला, वरातीत ढोलवाल्याला दटावतात तसा. "त्याला सांगितलं की त्यो दया करंल. कसं बी वाजलं तरी 'छान झालं मास्तर' म्हनंल. पोरी, मी चाळीस वर्सं वाजवतोय. लोकं नाचली, फटाकं उडवलं, नोटा ओवाळल्या. ऐकलं कुनी नाय. हा पयला मानूस भेटला, जो 'चुकलं' म्हनतो. मंग बरूबर आल्यावर 'बरूबर' बी त्योच म्हनंल का नाय? त्येवढं ऐकल्याबिगर मी नाशकाला जात नसतो."

"दुखतंय किती?"

"नवरीच्या बापाला इचारल्यासारखं काय इचारतीस? जा, म्होरं हो. मी तोंड मोकळं करून येतो."

मी तिथंच चूलबंद मुदपाकखान्याच्या पायरीवर बसले. आत अल्ताफ कंटाळून एकटाच तेराचं आवर्तन घोटत होता. उघड्या खिडक्यांतून ते बाहेर येत होतं. मास्तर कुंपणाच्या कडेकडेनं फाटकाकडे निघाले, वरातीच्या त्या संथ, अडखळल्यासारख्या चालीनं, आणि चालता चालता त्यांनी वाद्य ओठांना लावलं. आधी नुसती फुंकर. मग तोच तुकडा, सकाळपासून मोडलेला.

या वेळी तो मोडला नाही. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चौथं. ते सुरांतून बाहेर पडले, भटकले, आणि अल्ताफच्या पहिल्या मात्रेवर अलगद येऊन टेकले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग पायांकडे पाहिलं. मात्रेमागे एक पाऊल. आवर्तनाची पहिली मात्रा उजव्या बुटावर पडायची, पुढची पहिली डाव्या बुटावर, त्यापुढची पुन्हा उजव्यावर.

फाटकापाशी ते थांबले आणि वळले. मला पाहून ओरडून म्हणाले, "अगं, ह्यो ताल लंगडा नाय! पाय बदलतोय! तेरावा म्हैना आला की समदं सन म्होरं सरकतात का नाय, तसं. उजव्याचा सन डाव्यावर जातो, पुन्यांदा डाव्याचा उजव्यावर. एवढंच म्हनायचं व्हतं तर सकाळपासनं चिमणी कशाला सोडली कानात?"

आम्ही सकाळपासून एका चालणाऱ्या माणसाला वायरीनं खुर्चीला बांधून, पाय हलवू नको म्हणून दटावत होतो.

मंदारला हे पटवणं सोपं नव्हतं. "फाटकापासून चालत? हेडफोन नाही?"

"अल्ताफच्या कानात टिकटिक राहू दे. तो तिच्याबरोबर वाजवेल आणि मास्तर अल्ताफबरोबर."

"फाटकापाशी ड्रमचा आवाज उशिरा पोचतो, तृप्ती. सूर मागे पडेल."

"वरातीतही उशिरा पोचतो. म्हणून नवरदेव परत जातो का?"

"रस्त्यावरून गाड्या जातायत."

"मंदार," मी म्हणाले, "पुढची मात्रा कुठं पडेल ते कळू नये म्हणालास. आता तुझं तुलाच कळत नाहीये, तर घाबरतोस?"

त्यानं दोन बटणं पुसली. मग उठून माईक हलवायला लागला. एक समोरच्या दाराच्या चौकटीशी, एक हॉलच्या मधोमध. बेत असा ठरला: मास्तर फाटकापासून वाजवत येणार, दारातून आत शिरणार, स्टेजपर्यंत पोचणार, आणि शेवटी जिथं गिटार आणि बेस सगळं एकदम अंगावर येतं तिथं ते हॉलच्या मध्यावर असणार.

एवढ्यात मामा आला आणि समोरच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वरात यायची असली की मामा दारात उभा राहतो. हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की बँडचा लाल कोट फाटकात दिसताच त्याच्या हातात नारळ असल्यासारखी बोटं वळली. मामा उंच नाही, पण रुंदीला त्यानं काही कमी ठेवलेलं नाही. चौकट जवळजवळ भरली.

पहिल्या खेपेला सगळं बेतल्यासारखं झालं. सूर लांबून, किंचित मागे रेंगाळत आला. जसजसा जवळ आला तसतसा नेमका होत गेला. मंदारनं माझा दंड धरला होता आणि ते त्याला माहीत नव्हतं. सूर दाराशी आला आणि मास्तरांनी झोकात एक गिरकी घेऊन वाजवणं संपवलं. अल्ताफ दोन आवर्तनं एकटाच वाजवत राहिला, मग थांबला.

"मास्तर! थांबलात का?"

"दार आलं," बाहेरून उत्तर आलं.

"आत यायचं होतं ना?"

मग मास्तर म्हणाले, "सवय. बँड दारापातूर असतो, मंदारशेठ. आत सनई."

ते खरंच होतं. मामाच्या दारात त्यांनी किती लग्नं आणून सोडली असतील त्याचा हिशेब नाही. नारळ आणि टोपी दारात घ्यायची, आणि मग वळसा घालून मागच्या दारी जेवायला जायचं. आत काय होतं ते बँडवाल्यांना फक्त ऐकू येतं.

"अरे यशवंता," मामा म्हणाला, "आता कुठं सनई आहे? ये की आत. कोण नाही म्हणतंय?"

असं म्हणताना तो दाराच्या मधोमधच उभा होता. हे मी टिपून ठेवलं. माझं काम ते.

"शेवट वेगळा घेऊ," मंदार म्हणाला. "खुर्चीवर बसून. मग जोडून टाकेन."

"खुर्ची नको," मास्तर म्हणाले. "पुन्यांदा येतो."

मी बाहेर गेले, पाण्याचा तांब्या घेऊन. रुमाल त्यांनी मुठीत चुरगाळून लपवला होता, पण कोपरा दिसत होता. पाणी त्यांनी गालात धरलं आणि कुंडीत सोडलं.

"अजून एकदा जमेल?" मी हळू विचारलं.

"एकदाच जमंल." ते फाटकाकडे निघाले. "ड्रमवाल्याला सांग, मी थांबलो तरी त्यानं थांबायचं नाय. घोडी चालती ऱ्हायली पायजे."

ऊन उतरलं होतं. रस्त्यावरून उसाची एक रिकामी बैलगाडी गेली, तिची घुंगरं त्या रेकॉर्डिंगमध्ये अजून आहेत. मग अल्ताफनं काठ्या उचलल्या.

या वेळी मास्तर वेगळं वाजवत होते. आधीची गिरकी नाही, झोक नाही. लग्नातलं सगळं सोनेरी काढून टाकलेलं. सूर कधी कर्कश होत होता, कधी नुसता श्वासच ऐकू यायचा आणि त्याच्या आत कुठंतरी सूर. मंदारनं कागदावर लिहिलेलं ते वाजवत होते आणि नव्हतेही. दूर जाऊन, फाटून, पुन्हा पहिल्या मात्रेला पाय टेकत होते. मला माहीत होतं म्हणून मला त्यात दात ऐकू येत होते. मंदारला माहीत नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले होते.

सूर दाराशी आला आणि थांबला.

मी जागेवरून फक्त मामाची पाठ आणि तिच्या कडेनं लाल कोटाची एक पट्टी पाहत होते. अल्ताफ वाजवत राहिला. त्या दणदणाटाखाली सॅक्सोफोनच्या जागी काही नव्हतं. मंदारनं डोळे उघडले. मी मनात म्हणाले, संपलं. तोंडानं दगा दिला. मामाची पाठ हलली. तो एक पाऊल मागे आला, मग बाजूला, आणि भिंतीला लागून उभा राहिला, लग्नात मुलीकडच्या गरीब नातेवाइकासारखा.

आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर आलं आणि मास्तर वाजवत आत आले.

उंच छत होतं, सूर वर जाऊन सगळीकडून परत आला. ते हॉलच्या मधून, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमधून चालत स्टेजकडे गेले. अल्ताफ त्यांच्याकडे पाहत होता आणि त्याच्या दोन्ही पायांना काय झालं होतं कोण जाणे, तसं त्यानं पुन्हा कधी वाजवलं नाही. शेवटचा सूर मास्तरांनी धरून ठेवला. तो थरथरला, चिरला, त्याचे दोन झाले. आणि दोन्ही संपेपर्यंत त्यांनी वाद्य खाली केलं नाही.

पुणेवाल्यांचं यंत्र कुणीच बंद करेना. शेवटी मी केलं.

मंदार त्यांच्याजवळ गेला. मला धाकधूक होती की हा आता 'छान झालं मास्तर' म्हणणार. तो म्हणाला, "बरोबर."

मास्तरांनी मान हलवली. मग मंदारचं लक्ष मुखपट्टीकडे गेलं. ती लाल होती. हनुवटीही.

"हे काय?"

"कोट लाल कशापायी असतो?" मास्तर म्हणाले, पण शब्द नीट येत नव्हते. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि मी मंदारला उरलेलं सांगितलं. मंदार मटकन गादीवर बसला. त्याच गादीवर, जी आम्ही त्यांच्या पायांखाली घातली होती.

मामा आतून नारळ घेऊन आला. दारातच उभं राहायची सवय. दोन पावलं दाराकडे गेला, थबकला, वळून हॉलच्या मधोमध आला आणि नारळ पुढे केला.

"शेठ," मास्तर रुमालाआडून म्हणाले, "दात पाडायला चाललोय, आन् नारळ देता?"

"मग फोडून, पाणी देतो," मामा म्हणाला. "बसा, मास्तर."

मामाच्या तोंडून 'यशवंता'चं 'मास्तर' झालेलं मी तेव्हा प्रथम ऐकलं.

अल्बम निघाला. फार लोकांनी ऐकला असं म्हणवत नाही; पण ज्यांनी ऐकला ते अजून लिहितात. बहुतेक सगळे नवव्या तुकड्याबद्दल. तो लांबून येणारा सूर कुठल्या सॉफ्टवेअरमधून काढला, हे विचारतात. आणि मधलं ते रिकामं आवर्तन, जिथं सॅक्सोफोन अचानक गप्प होतो: त्या शांततेवर एका पोलंडच्या माणसानं पानभर लिहिलं आहे. मंदारनं ती जागा तशीच ठेवली, उलट तिथला दाराजवळचा माईक थोडा वर चढवला. कान देऊन ऐकलं तर ड्रमच्या खाली, एकसारखं, ठक ठक ऐकू येतं.

ते थांबणं कशाचं, यावर आम्हा तिघांचं कधी जमलं नाही. मंदार म्हणायचा, ती प्रतिभा. अल्ताफ म्हणायचा, मामा. मामा हलेपर्यंत ते आत येणार नव्हते, आणि मामाला हलवायला अख्खं आवर्तन लागतं. मी म्हणायचे, दात. माझं वजन सहसा चुकत नाही, असा माझा समज होता.

मध्ये बरीच वर्षं गेल्यावर भाच्याच्या मुंजीसाठी मी संगमनेरला गेले, तेव्हा मास्तरांकडे गेले. मिशा रंगवणं त्यांनी सोडलं होतं. मी दिसताच त्यांनी घाईनं कवळी बसवली आणि सुनेला अनारसे आणायला सांगितले; म्हणाले, "आता कडक आन. सराफीण बगायला आलीय." सॅक्सोफोन खुंटीला होता, कोट बहुधा विलासच्या अंगावर.

मी फोन काढला आणि नववा तुकडा लावला. त्यांनी डोळे मिटले. सूर फाटकातून निघाला. बैलगाडीची घुंगरं गेली. आम्ही ऐकत राहिलो. तो दाराशी आला आणि थांबला.

"इथं दात दुखले ना?" मी विचारलं.

"दात तर समदीकडंच दुखत व्हते," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"मग मामासाठी थांबलात?"

"शेठसाठी कशाला? त्येंच्या कडंनं गेलो असतो." ते जरा वैतागलेच. "उंबऱ्यावर पयली मात्रा डाव्या पायावर पडली. पयल्यांदा त्या दारातनं आत जायचं, आन् डावा पाय टाकू? एक आख्खं आवर्तन अधिक म्हैन्यागत जाऊ दिलं."

फोनमधून त्यांचे बूट वाजत होते, ठक, ठक, जागच्या जागी. खाटेखाली त्यांचे अनवाणी पाय त्यांच्याबरोबर हलत होते, डावा, उजवा, डावा. आवर्तन सरत आलं. मास्तरांनी हातानं मला गप्प बसायची खूण केली आणि उजवा पाय उचलला.